पीएच्या इंटरव्ह्यूची 'पक्की सीट' : ५,६५० डॉलर गेले

अमेरिकेत पीएच्या, म्हणजे डॉक्टरांसोबत पेशंट तपासणाऱ्या फिजिशियन असिस्टंटच्या, कोर्सला प्रवेश मिळवून देतो म्हणून एकाने घेतलेले पैसे: अर्ज आणि निबंधाचे १,२००, इंटरव्ह्यूच्या तयारीचे १,९५०, 'सीट डिपॉझिट'चे २,५००. एकूण ५,६५० डॉलर. घेणारा मराठी. आजही न्यू जर्सीत गणपतीच्या कार्यक्रमांना येतो आणि 'मुलीला पीए करायचंय का?' असं आईवडिलांना विचारत फिरतो. म्हणून लिहितेय.

मी नाशिकची फिजिओथेरपिस्ट. इथे मेडिकल असिस्टंटची नोकरी करून पीएच्या अर्जासाठी पेशंट केअरचे तास जमवत होते. शिफारसपत्रं, भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन, घरी लहान मूल. अशा वेळी कुणी मराठीत 'ताई, तुम्ही निर्धास्त राहा' म्हणालं तर कुणीही विश्वास ठेवेल.

तयारी काय करून घेतली? 'डॉक्टर का नाही, पीएच का?' याचं एक उत्तर घोकून घेतलं. एमएमआय पद्धतीच्या इंटरव्ह्यूत दर काही मिनिटांनी परीक्षक आणि प्रसंग बदलतो, तिथे घोकलेलं काय कामाचं? माझा निबंध 'सुधारून' दिला, तोच मजकूर दुसऱ्या एका मुलीकडेही निघाला. कास्पाच्या, म्हणजे पीए प्रवेशाच्या सामायिक ऑनलाइन अर्जात लिखाण स्वतःचं असल्याची हमी आपण देतो. अडकणार आपण, तो नाही.

आणि ते इंटरव्ह्यूचं पत्र! ते आलं तेव्हा माझा अर्ज कास्पात सबमिटसुद्धा झाला नव्हता. अर्जच गेला नाही तर कॉलेजने बोलावलं कशाच्या आधारावर? रोज तो 'इन प्रोग्रेस' शब्द डोळ्यांसमोर होता. मी विचारलंही. म्हणाला, 'ते जनरलवाल्यांसाठी, आपली सीट कोट्यातली.' मॅनेजमेंट कोटा बघतच आपण मोठे झालो, त्याने नेमकं तेच हेरलं. इथे पीएला असला कोटा नसतो. डिपॉझिट प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर भरतात, तेही कॉलेजला. त्याने इंटरव्ह्यूआधीच झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, स्वतःच्या खात्यात घेतलं.

प्रोग्रॅमचं नाव एआरसी-पीए या पीए कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नव्हतंच. ही यादी त्यांच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. तिथली मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलात तर पॅन्स या लायसन्ससाठी लागणाऱ्या परीक्षेला बसता येत नाही आणि लायसन्सही मिळत नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, परत येणार नाहीत. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील बघा. ज्याचे ५,६५० गेलेत त्याने वकिलाला काय द्यायचं? सरकारी साइटवर तक्रार केली, तर नोंदणी क्रमांक आला आणि खाली ओळ, की वैयक्तिक प्रकरणं आम्ही सोडवत नाही. मग सोडवतं कोण? खोटं पत्र, खाते क्रमांक, त्याचे मेसेज, सगळं मी प्रत्येकाला दिलं. एकानेही त्याला साधा फोन केला नाही. उलट प्रत्येक खिडकीवर मलाच विचारलं, 'तुम्ही पैसे दिलेत कसे?'

पहिले १,२०० क्रेडिट कार्डवर होते, तेवढ्यांवर कार्ड कंपनीकडे वाद (डिस्प्युट) दाखल करता आला. त्यासाठी स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार लागते. त्याला कार्डने पैसे दिले असतील तर आजच करा. झेलने मागत असेल तर एक डॉलरही देऊ नका.