पुढचा एक दात की मागचे तीन? जुन्या डर्ट ट्रॅक मोटरसायकलचं गिअरिंग ठरवताना

वहीत मांडलं तर स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्रांच्या, 16/51 आणि 17/54 (आधी पुढचे दात, मग मागचे) या दोन जोड्यांत फरक शोधूनही सापडत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांना पुढच्या दातांनी भागलं की एकीकडे 3.19 येतं, दुसरीकडे 3.18. इंजिनाला दोन्ही सारख्याच. पण मागचं चाक पहिल्या जोडीत जिथे बसतं तिथे दुसऱ्या जोडीत बसत नाही, आणि मातीच्या ओव्हलवर आडव्या घसरणाऱ्या गाडीला हे कळतं. म्हणून गिअरिंग बदलायचं म्हटलं की ‘किती?’ इतकाच ‘कुठून?’ हा प्रश्न महत्त्वाचा. गिअरबॉक्सवरचं स्प्रॉकेट बदलायचं की मागच्या हबवरचं?

आधी भाषा ठरवून घेऊ. गुणोत्तर मोठं म्हणजे आखूड गिअरिंग: गाडी पटकन उचलते, पण इंजिन लवकर वर चढतं. गुणोत्तर लहान म्हणजे लांब गिअरिंग: ओढ कमी, पल्ला जास्त. पुढे दात कमी केले किंवा मागे वाढवले, तर गिअरिंग आखूड होतं.

उदाहरणासाठी ट्रायम्फचं 650 सीसी युनिट इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात) घेऊ. त्याचा हिशेब सरळ आहे: इंजिन स्प्रॉकेट 29 दातांचं, क्लचचं 58, म्हणजे प्रायमरी (इंजिनापासून क्लचपर्यंतचं गुणोत्तर) बरोबर 2. टॉप गिअर थेट, म्हणजे 1. याच इंजिनाच्या बॉनव्हिल मॉडेलवर रस्त्यासाठी पुढे 19 आणि मागे 46 येत, त्याचं टॉपमधलं एकूण गुणोत्तर 4.84. डर्ट ट्रॅकसाठी 17/51 लावलं तर 2 गुणिले 3, म्हणजे 6. मागे 27.5 इंच व्यासाचा डर्ट ट्रॅक टायर असेल तर त्याचा घेर सुमारे 2.19 मीटर. मग 7000 आरपीएमला टायर ताशी 153 किलोमीटरच्या वेगाने फिरतो. गाडी मात्र तेवढ्या वेगाने जात नाही, कारण मातीवर टायर घसरत घसरतच पुढे ढकलतो. 10 टक्के घसरण धरली तर जमिनीवर ताशी 138 उरतात. घेर कागदावर न काढता मोजावा, हे उत्तम. चालवणारा सीटवर बसलेला असताना टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करायची, गाडी टायरचा एक फेरा होईपर्यंत ढकलायची आणि टेप लावायची. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे आकडा थोडा कमीच भरतो.

आता खरी तुलना, 17/51 पासून सुरू करून:

| बदल | गुणोत्तर | 7000 आरपीएमच्या जागी | मागचा एक्सल |
|---|---|---|---|
| मागे एक दात वाढवला (17/52) | 3.06 | साधारण 140 जास्त | 4 मिमी पुढे |
| मागे तीन वाढवले (17/54) | 3.18 | साधारण 410 जास्त | 13 मिमी पुढे |
| पुढे एक कमी केला (16/51) | 3.19 | साधारण 440 जास्त | 3.5 मिमी मागे |

चेन तीच ठेवली आहे, लिंक काढलेली नाही, असं धरलं आहे. शेवटच्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. आरपीएम जवळपास तेच, पण एक्सलच्या जागेत 16 मिलिमीटरहून जास्त फरक, आणि तोही उलट्या दिशांना. मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की चेन जास्त खर्च होते आणि चाक पुढे घ्यावं लागतं. पुढचं लहान केलं की चेन ढिली पडते आणि चाक मागे जातं. चाक पुढे आलं की व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आखडतो, मागच्या टायरवर वजन जास्त पडतं आणि गाडी वळायला चपळ होते. चाक मागे गेलं की ती लांब आणि शांत होते, पण कोपऱ्यातून बाहेर पडताना टायर लवकर सुटू शकतो. एकदा गिअरिंग आखूड केल्यावर कुणी म्हणालं, ‘ओढ वाढली, पण पकड गेली’, तर आधी एक्सल कुठे आहे ते बघावं. दोष गुणोत्तराचा असेलच असं नाही.

हा फरक चेनच्या लांबीने भरूनही काढता येतो. दोन लिंक म्हणजे एक्सलचे साधारण 16 मिलिमीटर. म्हणून अनुभवी लोक वेगवेगळ्या लांबीच्या दोन चेन बरोबर ठेवतात आणि गिअरिंग बदललं तरी चाक आपल्या आवडत्या जागी ठेवतात. स्विंगआर्ममधली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातली) एक्सलची खाच किती लांब आहे हे मात्र आधी मोजा. काही जुन्या फ्रेममध्ये ती इतकी आखूड असते की मागचे तीन दात बदलायचे तर दुसरी चेन लागतेच.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात हा ठोकळ बदल आहे, जवळजवळ 6 टक्क्यांचा. मागचा एक दात 2 टक्क्यांचा. ट्रॅकवर दुपारी पाणी मारलं, संध्याकाळी तो सुकला, कडक झाला, तर लागणारा फरक बहुतेकदा 2 ते 4 टक्क्यांचाच असतो. तिथे पुढचं स्प्रॉकेट बदलणं म्हणजे घड्याळाचा काटा हातोडीने सरकवणं. बारीक काम मागूनच करायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि ट्रायम्फवर तर दुसरा मार्गच नाही. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं असतं. प्रायमरीचं तेल काढा, डावा फूटरेस्ट आणि पॅडल सोडा, बाहेरचं कव्हर उतरवा. प्रायमरी चेनला जोडणारा लिंक नाही, त्यामुळे इंजिन स्प्रॉकेट आणि क्लच एकदमच ओढून काढावे लागतात. त्यामागे गोल प्लेट, सील, मग वाकवलेला वॉशर आणि मोठा नट. दोन हीटच्या (प्राथमिक फेऱ्यांच्या) मधल्या वेळेत हे कुणी करत नाही. यामाहाच्या एक्सएस650 वर मात्र डावं कव्हर काढलं की स्प्रॉकेट समोरच. हे तेच इंजिन, ज्यावर बेतलेल्या यामाहांवर केनी रॉबर्ट्स 1973 आणि 1974 मध्ये अमेरिकेच्या ग्रँड नॅशनल या शर्यत-मालिकेचा विजेता झाला. क्लचची यंत्रणा त्या कव्हरमध्येच आहे, त्यामुळे परत बसवताना क्लच पुन्हा नीट करावा लागतो. तेवढंच. एक्सएस650 वाल्याला पुढचं स्प्रॉकेट हा शर्यतीच्या दिवशीचा पर्याय आहे; ट्रायम्फवाल्याला तो हंगामाआधी एकदाच घ्यायचा निर्णय आहे.

तो निर्णय कशावर घ्यायचा? 16/48, 17/51 आणि 18/54, तिघांचं गुणोत्तर तंतोतंत 3. मग निवडायचं काय? चेनवरचा ताण पुढच्या स्प्रॉकेटच्या आकारावर ठरतो. तोच टॉर्क 16 दातांवरून घ्यायचा तर 18 पेक्षा चेन साडेबारा टक्के जास्त जोराने ओढली जाते, आणि तो भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवरही येतो. शिवाय चेन स्प्रॉकेटवर गोल फिरत नाही, बहुकोनावरून फिरते. 14 दातांवर तिचा वेग प्रत्येक दातामागे अडीच टक्के खालीवर होतो, 17 वर 1.7 टक्के, 19 वर 1.4. म्हणून 17 च्या खाली जायला मी कचरतो. पन्नास वर्षं जुन्या गिअरबॉक्सशी जितकं हळुवार वागता येईल तितकं बरं. उलट मोठ्या पुढच्या स्प्रॉकेटला मागेही मोठं लागतं: 54 दातांचं स्प्रॉकेट 48 पेक्षा 3 सेंटिमीटर रुंद, जड, आणि ते वजन चाकाबरोबर फिरणारं. छोट्या टू-स्ट्रोकला ते जाणवतं; 650 च्या ट्विनला (दोन सिलिंडरच्या इंजिनाला) फारसं नाही.

ट्रॅकचं अंतर या सगळ्यावर कुरघोडी करतं. हाफ-माइल, म्हणजे 800 मीटरचा ओव्हल, आणि त्याहून लहान शॉर्ट ट्रॅक एवढंच धावणार असाल तर पुढे 17 ठेवा आणि मागे 49 ते 55 मधले दात जमवा. एक मैलाचा माइल ट्रॅकही करायचा असेल, जसा इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचा, तर पुढे 18. कारण माइलवर 18/42 सारखं काहीतरी लागतं: एकूण 4.67, आणि 7000 ला टायरचा वेग ताशी 197. पुढे 17 असतं तर मागे 40 पर्यंत उतरावं लागलं असतं. माइलवर आणखी एक पेच आहे. समोरच्या गाडीच्या मागे हवेच्या आडोशाला घुसलं की वेग वाढतो आणि एकट्याने सराव करताना बरोबर वाटलेलं गिअरिंग अपुरं पडतं. म्हणून तिथे सरावापेक्षा मागे एक दात कमी ठेवणं शहाणपणाचं.

पृष्ठभागाबाबत बहुतेक नवखे उलटं करतात. ट्रॅक कडक, रबराने काळा-निळा झालेला, गुळगुळीत, टायर सुटतो आहे. मग गाडी ओढत नाही असं वाटून ते गिअरिंग आखूड करतात. टायर आणखी सुटतो. अशा वेळी गिअरिंग लांब करून इंजिनाचा झटका मवाळ करायचा. माती ओलसर, भुसभुशीत आणि चिकट असेल तर ती इंजिनाला ओढून धरते, तेव्हा आखूड हवं. सरळ पट्ट्याच्या शेवटी आरपीएम किती चढतो यापेक्षा कोपऱ्याच्या मध्यावर तो किती खाली पडतो हे बघून ठरवलेलं गिअरिंग सहसा बरोबर निघतं. जुना लांब स्ट्रोकचा फोर-स्ट्रोक तिथे 4000 लाही ओढतो, त्यामुळे दोन दातांची चूक तो पोटात घालतो. बुल्ताको अॅस्ट्रोसारख्या टू-स्ट्रोकचा पॉवरबँड, म्हणजे खरी ताकद मिळते तो आरपीएमचा पट्टा, अरुंद. त्याला एक दातही माफ नसतो.

शॉर्ट ट्रॅकवर काही जण 17/51 तसंच ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये फिरतात. ट्रायम्फच्या तिसऱ्याचं गुणोत्तर साधारण 1.2, म्हणजे एकूण 7.2. त्याऐवजी टॉपमध्ये राहून तेवढं हवं असेल तर 16/58 लागेल, जे बसवणंच अवघड. चालतं, पण लक्षात घ्या: या चार-गिअरी ब्रिटिश गिअरबॉक्समध्ये टॉप थेट जातो, तर तिसऱ्यात ताकद दोन जोड्यांमधून फिरून येते. घर्षण जास्त आणि लेशाफ्टवर (गिअरबॉक्सच्या दुसऱ्या दांड्यावर) सतत भार. एखादी रात्र ठीक, पूर्ण हंगाम नको. यामाहात प्रत्येक गिअर एकाच जोडीतून जातो, तिथे तिसरा किंवा चौथा वापरायला असा अडसर नाही. टीटी ट्रॅकवर उजवं वळण आणि उडी असते, तिथे तर गिअर बदलत राहणं आलंच.

इंजिन स्प्रॉकेट बदलून प्रायमरीच बदलण्याचा मार्गही आहे, पण त्याने क्लच आणि संपूर्ण गिअरबॉक्सवरचा टॉर्क बदलतो, आणि कव्हर उघडण्याची मेहनत तीच. तो सोडून द्या.

राहिली खरेदी. ब्रिटिश ट्विनला 530 मापाची चेन मूळची. 520 चं पिच (दोन पिनांमधलं अंतर) तेच, 5/8 इंच, फक्त रुंदी कमी. दोन्ही स्प्रॉकेट 520 ची घेतली तर वजन वाचतं. एक 530 आणि एक 520 अशी मिसळ करू नये. ओ-रिंगच्या (सांध्यांत रबरी कडी असलेल्या) चेनला घर्षण जास्त, म्हणून साधी चेन आणि वारंवार तेल. मागचा हब चटकन स्प्रॉकेट बदलता येईल असा असेल तर लगेच पाच स्प्रॉकेटं घ्या. नसेल तर आधी हबवर खर्च करा, कारण चाक काढून सहा बोल्ट सोडायचे असले की माणूस ‘चालेल असंच’ म्हणतो आणि पेटीतली बाकीची स्प्रॉकेटं न वापरताच घरी परत येतात.