सोलापुरातला स्कँडिनेव्हियन साहित्याचा रविवारचा वर्ग : माझा अनुभव

नवी पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक स्कँडिनेव्हियन, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडच्या साहित्याचा हा वर्ग घेतात. आठ रविवार, सकाळी नऊ ते अकरा, फी १२०० रुपये, झेरॉक्स त्यातच. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. बी.ए. होऊन वीस वर्षं झाली, तरी कुठे अडले नाही. पुस्तकं इंग्रजीत असतात, पण सर समजावतात मराठीत.

पहिले तीन रविवार नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या १८७९ च्या ‘डॉल्स हाउस’ या नाटकावर होते आणि तेवढ्यातच फी वसूल झाली. एकच नाटक, दर रविवारी नवीन बाजूने. आधी स्त्रीवादी वाचन : नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला कर्ज मिळत नव्हतं, म्हणून नाटकाची नायिका नोरा वडिलांची खोटी सही करते. पुढच्या रविवारी मार्क्सवादी वाचन, म्हणजे कष्ट कोणाचे आणि पैसा कोणाचा हे बघणं. सरांनी विचारलं, शेवटी नोरा घर सोडते, मग तिची तीन मुलं कोण सांभाळणार? उत्तर नाटकातच आहे : दाई अ‍ॅन-मेरी. पण नोराला वाढवायला आली तेव्हा या दाईला स्वतःची मुलगी परक्यांकडे ठेवावी लागली होती. ही ओळ मी कॉलेजात वाचली असणार, लक्षात मात्र राहिली नव्हती. माझी आजी विडी कारखान्यात जायची तेव्हा आईला शेजारणीकडे ठेवायची. घरी जाऊन आईला ते पान मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या लेकीचं काय झालं गं?” नाटकात एवढंच आहे, की चर्चमधला धर्मसंस्कार झाला तेव्हा आणि लग्न झालं तेव्हा तिने आईला पत्र लिहिलं.

तिसऱ्या रविवारी प्रयोगांचा इतिहास. १८८० मध्ये जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला शेवट बदलावा लागला, त्यात नोरा मुलांना पाहून थांबते. हा बदल त्याला स्वतःलाच रानटी वाटला होता. आणि आपलं १९३३ चं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ब्योर्नसन या नॉर्वेच्याच नाटककाराच्या नाटकावरून आलंय, हे मला तिथेच कळलं.

तक्रारी आहेत. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गच्या ‘मिस ज्युली’ या नाटकाचं मनोविश्लेषण एका रविवारात कोंबलं. ज्युलीच्या सरदार वडिलांचे बूट आणि घंटा यांवरच तास गेला, ज्युली राहूनच गेली. नॉर्वेच्या हामसूनची ‘हंगर’ ही कादंबरी वीस मिनिटांत उरकली. उपाशी लेखक अंगातलं जाकीट गहाण ठेवतो, त्या प्रसंगावर तरी थांबायला हवं होतं. वर्गाच्या नावात ‘आधुनिक’ आणि गाडी १८९० लाच थांबते. २०२३ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या नॉर्वेच्या युन फोसेचा नुसता उल्लेख झाला. झेरॉक्सही फिकट, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतात.

पुढची तुकडी जानेवारीतली आपली गड्ड्याची जत्रा संपल्यावर सुरू होणार आहे. जाणार असाल तर नाटक आधी घरी एकदा वाचून जा. आणि जिना उंच आहे, गुडघे दुखत असतील तर थोडं लवकर निघा.