गोड कंडेन्स्ड मिल्क: चमच्याने खाण्याजोगा डबा कोणता?

गोड कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडला, की त्यातला पहिला चमचा कशातही न मिसळता तसाच तोंडात घालायचा, हा माझा सहा-सात वर्षांची असल्यापासूनचा नेम आहे आणि चाळिशी ओलांडल्यावरही तो मोडावा असे मला वाटलेले नाही. त्या वयात आवडणाऱ्या बहुतेक गोळ्या-चॉकलेटांची चव आज नुसतीच गोड लागते. या दुधाचे तसे होत नाही, कारण त्याच्या गोडीखाली खरोखर दूध असते, आटवल्यामुळे आलेला किंचित खमंगपणा असतो आणि जिभेवर सावकाश पसरत जाणारा दाटपणा असतो. काही महिन्यांपूर्वी नेहमीचा डबा मिळाला नाही म्हणून मी शेजारचा, जवळजवळ तशाच वेष्टनातला डबा उचलला आणि पहिल्याच चमच्याला फसगत लक्षात आली. चव सपाट होती आणि गिळून झाल्यावर टाळूला तेलकट थर राहिला. डबा फिरवून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेल असल्याचे आणि उत्पादकाने त्याला कंडेन्स्ड मिल्क असे कुठेही म्हटले नसून ‘गोड क्रीमर’ म्हटल्याचे दिसले. त्यानंतर मी चार प्रकार मुद्दाम विकत आणले, एकाच दिवशी उघडले आणि नुसत्या चमच्याने, कोऱ्या कॉफीत आणि पावाच्या कापावर असे तिन्ही प्रकारे खाऊन पाहिले.

पहिला क्रमांक पत्र्याच्या डब्यातल्या, पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचा लागला आणि त्यासाठी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्याचे घटक दोनच होते, दूध आणि साखर. झाकणाची कडी ओढून पत्रा वर आला, की त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर आधी दिसतो, आणि तो चमच्याच्या कडेने निपटून घेतल्याशिवाय मी आजही पुढे जात नाही. रंग अगदी पांढरा नसून फिकट हस्तिदंती असतो. चमचा भरून उंच धरला आणि तिरपा केला, की दूध थेंबाथेंबाने पडत नाही, त्याची अखंड तार सुटते, आणि ती तार खालच्या दुधावर टेकताना दोरीच्या वेटोळ्यांसारख्या बारीक घड्या घालत जाते. या घड्या दोन-तीन सेकंद उठून दिसतात आणि मग हळूहळू पृष्ठभागात विरतात. लहानपणी ताई आणि मी त्या विरेपर्यंत चमचा परत बुडवत नसू. आता मी त्याच घड्यांवरून डबा पारखते: त्या पडताक्षणी नाहीशा झाल्या तर दूध पातळ आहे, आणि ढीग होऊन तशाच राहिल्या तर डबा बराच काळ पडून राहिलेला आहे.

या दुधाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा गुळगुळीतपणा, आणि तो आपोआप येत नाही. दूध निर्वात भांड्यात, म्हणजे हवेचा दाब कमी करून, पन्नास ते सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास आटवतात, त्यामुळे ते करपत नाही आणि त्याचा शिजका वासही मर्यादेत राहतो. अमेरिकेतील गेल बोर्डन यांनी निर्वात पद्धतीने दूध आटवण्याचे पेटंट 1856 मध्ये मिळवले आणि कारखान्यांतली आजची पद्धतही मुळात त्याच तत्त्वावर चालते. खरे कसब मात्र दूध थंड करताना लागते. दुधातली स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, पाण्यात फारशी विरघळत नाही. दूध आटून थंड होऊ लागले की तिचे स्फटिक होणारच. ते सावकाश झाले तर मोठे होतात आणि जिभेला वाळूसारखी कचकच लागते. म्हणून दूध तीस अंशांच्या आसपास आले, की त्यात अगदी बारीक दळलेले लॅक्टोज विरजणासारखे घालून घुसळत राहतात. त्यामुळे थोडे मोठे स्फटिक होण्याऐवजी असंख्य सूक्ष्म स्फटिक होतात, आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान राहिले तर जिभेला त्यांचा पत्ताही लागत नाही. पहिल्या डब्यातले दूध मी जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून पाहिले आणि त्यात एकही कण जाणवला नाही. ही गोष्ट मी फार मानते.

दुसरा डबा स्निग्धांश काढून टाकलेल्या दुधाचा होता. कोडेक्स या अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पूर्ण गोड कंडेन्स्ड मिल्कमध्ये किमान 8 टक्के दुधाचा स्निग्धांश आणि किमान 28 टक्के दुधाचे एकूण घनपदार्थ असावे लागतात. स्किम्ड प्रकारात स्निग्धांश 1 टक्क्याच्या वर जाता कामा नये आणि घनपदार्थ किमान 24 टक्के लागतात. साखर दोन्हींत भरपूर असते, त्यामुळे स्निग्धांश कमी म्हणून हा प्रकार हलका समजून जास्त खाल्ला, तर पदरात साखरच जास्त पडते. चवीला तो वाईट नाही. कोऱ्या कॉफीत तर मला दोहोंतला फरक जेमतेम कळला. पण चमच्याने खाताना गोडी आधी झोंबते आणि दुधाची चव तिच्यामागून धावत येते, असे वाटत राहिले. स्निग्धांश गोडीची धार बोथट करतो, हे या दोन डब्यांतून एकेक चमचा आलटून पालटून खाल्ला, तेव्हा मला नीट उमगले.

तिसरा तोच पामतेलाचा क्रीमर, ज्याने मला फसवले होते. त्याला मी दुसरी संधी दिली, कारण पहिल्या वेळी मनात अपेक्षा वेगळी होती. स्निग्धांशविरहित दूध, साखर आणि वनस्पती तेल यांचे मिश्रण विकण्यात गैर काही नाही, त्यासाठी वेगळे मानकही आहे आणि कडक कॉफीत ते काम भागवते. मात्र ते चमच्याने खाण्याजोगे नाही. माझी खरी तक्रार चवीपेक्षा वेष्टनाविषयी आहे: तोच रंग, तेच दुधाच्या धारेचे चित्र आणि नावापुरता बदललेला शब्द, हे सगळे घाईत खरेदी करणाऱ्या माणसाचा गैरसमज व्हावा असेच मांडलेले होते. आपल्या मुलाला आपल्या लहानपणीची चव द्यावी म्हणून कोणी हा डबा नेला, तर त्या मुलाला ती चव कळणारच नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौथी ट्यूब. आत पहिल्या डब्यासारखेच दूध, पिळून घेण्याची सोय, बोटे चिकट होत नाहीत आणि पावावर बारीक रेघ सहज ओढता येते. थोडे थोडे लागणाऱ्याने हीच घ्यावी. शेवटचे दूध ट्यूबच्या खांद्यात अडकून राहते, तेवढी एक खोट आहे.

साखरेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या पदार्थावरचे प्रेम मी लपवत नाही. या दुधात साधारण 45 टक्के घातलेली साखर असते आणि तीच त्याचे रक्षण करते. गोड कंडेन्स्ड मिल्क डबाबंद केल्यावर पुन्हा निर्जंतुक करत नाहीत. उरलेल्या पाण्यात साखर इतकी दाट असते, की बहुतेक जंतूंना वाढण्यापुरते पाणीच मिळत नाही. म्हणजे साखर कमी केली, तर तो पदार्थ हा पदार्थच उरणार नाही. 20 ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात अशी सुमारे 9 ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या मार्गदर्शनात अशा साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली आणि शक्य तर 5 टक्क्यांखाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितले आहे. मी एक चमचा खाते, त्या दिवशी दुसरे गोड खात नाही, आणि तो चमचा उभ्याने न खाता बसून, सावकाश खाते. तान्ह्या बाळाला दुधाऐवजी हे देऊ नये, ही डब्यावरची सूचनाही तंतोतंत पाळण्याजोगी आहे.

घेताना डब्याच्या बुडावरची तारीख पाहावी आणि त्यातल्या त्यात ताजा डबा निवडावा. जुना झाला, की दूध घट्ट होत जाते आणि त्याचा रंग तपकिरीकडे झुकतो. ती कॅरॅमलसारखी चव काहींना आवडते, पण तिच्यासाठी न उघडलेला डबा पाण्यात उकळत ठेवू नये; पाणी आटले तर डबा फुटून भाजण्याचा धोका असतो आणि उत्पादकही तसे करू नका असेच सांगतात. दूध काचेच्या भांड्यात ओतून, झाकून, मंद आचेच्या ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या परातीत ठेवले, तरी तोच रंग आणि तोच वास येतो. फुगलेला डबा उघडूही नये, सरळ टाकून द्यावा. उघडलेले दूध पत्र्यात न ठेवता झाकणाच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन आठवड्यांच्या आत संपवावे.

बरणीत ओतल्यावरही डब्याच्या आतल्या कंगोऱ्यांना बरेच दूध धरून राहते. आई त्या रिकाम्या डब्यात कपभर गरम दूध ओतून चमचा फिरवायची आणि ते आम्हा दोघी बहिणींना अर्धे अर्धे वाटून द्यायची. या वेळी मी पहिला डबा तसाच धुऊन घेतला आणि ते दूध बरणीतल्या दुधाच्या आधी संपले.