प्रादोमधली इतिहासचित्रांची टूर: राणीची गोष्ट झकास, चित्रकार मात्र विंगेतच

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझ आणि गोया पाहून होईपर्यंत पाय बोलायला लागतात, आणि एकोणिसाव्या शतकाची दालनं बऱ्याच जणांची राहूनच जातात. फक्त त्या दालनांसाठीची दोन तासांची गाईडेड टूर दिसली, तेव्हा मी लगेच पैसे भरले. टूरवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रार आहे. शिवाय मी नाटकांचं नेपथ्य करते, त्यामुळे माझं बघणं जरा त्याच अंगाने जातं.

आधी चांगलं सांगते. गाईड मुलगी हुशार होती, पाठ केलेलं म्हणून दाखवणारी नव्हती. तिने सुरुवात केली एदुआर्दो रोसालेसच्या १८६४ च्या चित्रापासून, स्पेनची राणी इसाबेल मृत्यूशय्येवरून मृत्युपत्र सांगतेय त्या. त्यात वडिलांच्या बाजूला मुलगी हुआना उभी दाखवलीय. प्रत्यक्षात १५०४ मध्ये आई गेली तेव्हा हुआना फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात होती! हे सांगून झाल्यावर गाईड आम्हाला थेट चित्रकार फ्रान्सिस्को प्रादियाच्या हुआनाच्या चित्रासमोर घेऊन गेली. आई झाली, आता मुलगी. हा क्रम ज्याने लावला त्याला पैकीच्या पैकी.

हे चित्र १८७७ चं. उंची ३.४ मीटर, रुंदी ५ मीटर. हुआनाचा नवरा फिलिप १५०६ मध्ये बुर्गोसला वारला. त्याची शवपेटी ग्रॅनडाला न्यायची म्हणून ती स्वतः निघाली. वाटेतला मठ नन्सचा निघाला, तिथे बायका आहेत म्हणून तिने पेटी बाहेर काढायला लावली आणि सगळा लवाजमा उघड्या माळावर थंडीत बसवला. चित्रात राणी हुआना गरोदर आहे, डाव्या हातात दोन अंगठ्या आहेत, एक तिची आणि एक त्याची. आजूबाजूची मंडळी कंटाळलीत, गारठलीत. त्या दरबारी बायकांचे चेहरे नीट बघा, ‘आता किती वेळ हे?’ असं स्पष्ट लिहिलंय त्यांवर.

इथवर गाईड उत्तम. तक्रार पुढे आहे. चित्रकाराबद्दल काय सांगितलं? १८४८ चा जन्म, सारागोसाजवळचं गाव, रोममध्ये शिष्यवृत्ती, पदकं. चला पुढे. अहो, हा माणूस सुरुवातीला सारागोसात मारियानो पेस्कादोर नावाच्या नेपथ्यकाराच्या हाताखाली शिकला, नंतर माद्रिदलाही नाटकांचे पडदे रंगवत होता! हे एक वाक्य सांगितलं असतं तर अख्खं चित्र उलगडलं असतं. राणीभोवतीची जमीन त्याने मोकळी ठेवलीय, एकही पात्र तिला खेटून नाही. काळे कपडे थेट फिकट आभाळावर, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती दिसणारच. आणि वारा! मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्यात, शेकोटीचा धूर लोळत चाललाय, आणि ती एकटीच ताठ उभी. पुढच्या चिखलात चाकांचे चर आहेत, त्यांवरून नजर आपोआप आत जाते. रंगमंचावर हे बसवायला आम्हाला आठ दिवस तालीम लागेल.

या चित्राला १८७८ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात मानाचं पदक मिळालं, त्याच वर्षी पॅरिसलाही गाजलं. मग स्पेनच्या सिनेटने त्याला ग्रॅनडाच्या शरणागतीच्या चित्राचं काम दिलं, ते १८८२ मध्ये पूर्ण झालं. ते सिनेटच्या इमारतीत आहे, त्यामुळे टूरमध्ये नाही हे समजू शकते. पण १८९६ ते १८९८ प्रादिया याच प्रादोचा संचालक होता, हे ज्याच्या इमारतीत उभं राहून बोलतोय तिथे सांगायला नको? १९०६ मध्ये तो पुन्हा हुआनाकडे वळला, तोर्देसियास गावात लेकीसोबत कोंडलेली राणी, चित्र बरंच लहान. खरी हुआना तिथे १५०९ पासून १५५५ पर्यंत, मरेपर्यंत होती. माझ्या मते पुढच्या बॅचला निदान हा धागा तरी सांगावा.

बाकी किरकोळ. कानातला रिसीव्हर खरखरत होता, ग्रुप मोठा होता, मागे उभं राहिलात तर चित्राचा फक्त वरचा भाग दिसतो. दालनात फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा मोबाईल आत ठेवा. संग्रहालयाचं १५ युरोचं तिकीट टूरच्या पैशांत धरलेलं आहे का, बुकिंग करताना विचारून घ्या. आमचं नव्हतं.

स्पेनच्या राजघराण्याची ओळख नसेल तर टूर जरूर घ्या. ती असेल तर सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश फुकट असतो, रांग लावा आणि सरळ तळमजला गाठा. मी तेच केलं, आणि दुसऱ्या वेळी तासभर हुआनासमोरून हलले नाही. टूरला पाचपैकी साडेतीन.