रोजेटचा थिसॉरस : फक्त अंधाराच्या पानावरून केलेला रिव्ह्यू

रोजेटचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द विषयवार एकत्र देणारं पुस्तक, घ्यावा का, असं आमच्या तालुक्यातले बरेच शिक्षक विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवते. मुलं घरात मराठी बोलतात, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, आणि इंग्रजी त्यांना भेटतं ते फक्त पाठ्यपुस्तकात. अख्ख्या थिसॉरसचा रिव्ह्यू शक्य नाही, हजार विषय आहेत त्यात, म्हणून मी एकच विषय धरून तो तपासला. अंधार.

अंधारच का, तर पावसाळ्यावर निबंध दिला की वह्यांत एकच शब्द येतो, डार्क. ढग डार्क, जंगल डार्क, लाईट गेली की घर डार्क, नदीचं पाणी पण डार्क. आणि ह्याच पोरांना मराठीत बोलायला लावलं की मळभ, झाकोळ, तिन्हीसांज, मिट्ट काळोख सगळं बरोबर जागच्या जागी येतं, कन्नड येणारी पोरं कत्तलू (अंधार) आणि मब्बु (अंधुक) यातला फरक पण सांगतात. म्हणजे समज पक्की आहे हो, फक्त इंग्रजी शब्द हातात नाहीत. एक मुलगा मला म्हणाला, "बाई, काळोख बी डार्क, अंधार बी डार्कच की, मग दुसरा शब्द कशाला?" त्याला नीट उत्तर द्यायचं तर असं पुस्तक लागतंच.

आता पुस्तकाबद्दल. पीटर मार्क रोजे हे मूळचे डॉक्टर, जन्म १७७९, नावाचा उच्चार रोजे पण आपल्याकडे सगळे रोजेटच म्हणतात. १८०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या लिहिण्यासाठी म्हणून शब्दांची वर्गवारी सुरू केली आणि पुस्तक छापलं १८५२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. डोळ्याला काय कसं दिसतं हा पण त्यांचा अभ्यासाचा विषय, उभ्या फटींमधून फिरतं चाक बघितलं तर आरे वाकडे का दिसतात यावर १८२४ मध्ये त्यांनी निबंध लिहिला होता. ते मला फार आवडलं, कारण उजेड-अंधाराची पानं बघताना हा माणूस नीट बघणारा होता हे कळतं.

मी घेतलीय ती जुनी, १९११ च्या आवृत्तीची रीप्रिंट, खडेबाजारातल्या एका दुकानदाराने मागवून दिली. त्यात ४२० नंबरला उजेड, ४२१ ला अंधार, ४२२ ला अंधुकपणा, आणि ४२४ ला शेड, म्हणजे पडदा, छत्री, बुरखा असं उजेड अडवणारं सगळं. अंधार आणि अंधुक वेगळे ठेवलेत हेच मला मोठं वाटतं. फोनवर सिनॉनिम शोधलं की डिम, डस्की, मर्की, पिच ब्लॅक सगळं एकाच ओळीत येतं आणि पोरं त्यातला दिसेल तो शब्द उचलून वहीत टाकतात.

पण खरं सांगायचं तर रोजेट पण अर्थ सांगत नाही. शब्द देतो आणि गप्प बसतो. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव, आणि म्हणून शेजारी डिक्शनरी ठेवल्याशिवाय ह्याचा उपयोग नाही. मी वर्गात काय करते तर ४२१ आणि ४२२ मधले शब्द फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, उजेड कोणी नेला? झाडाने अडवला, ढगाने झाकला, सूर्य बुडाला म्हणून गेला, का हवेत-पाण्यात काही मिसळलंय म्हणून पलीकडचं दिसेना? एवढं विचारलं की निम्मे शब्द आपोआप वेगळे होतात.

बघा, शेड आणि शॅडो. जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दापासून दोन्ही आलेत आणि आपण दोन्हीला सावली म्हणतो. पण चिंचेखाली बसची वाट बघत उभे राहिलात तर तुम्ही शेडमध्ये आहात, तिला आकार नाही, तिथं नुसता उन्हापासून आराम आहे, आणि रस्त्यावर तुमच्या अंगाची पडते ती शॅडो, तिला आकार आहे, ती तुमच्याबरोबर चालते. ढगाने झाकलं की ओव्हरकास्ट, आपलं मळभ. मर्क आणि मर्की मात्र वेगळं प्रकरण, तिथं काहीतरी मिसळलेलं असतं, जुलैमध्ये जांबोटीवरून चोर्ला घाटात उतरताना धुकं आणि पाऊस एक होऊन हेडलाईटचा उजेड पण आत घेत नाहीत, तो मर्क. मलप्रभेला पहिलं लाल पाणी येतं ते मर्की. तिथं डार्क वॉटर लिहिलं तर खोल, काळं पाणी डोळ्यासमोर येतं, गढूळ येत नाही.

संध्याकाळच्या शब्दांत रोजेटने माझी थोडी निराशा केली. ट्वायलाइट (संधिप्रकाश), डस्क, डॉन (पहाट) सगळे ४२२ मध्ये जवळजवळ ठेवलेत. ट्वायलाइट सकाळचा पण असतो आणि संध्याकाळचा पण, डस्क फक्त संध्याकाळचा आणि तो पण शेवटी शेवटी जास्त अंधारतं तेव्हाचा. खगोलवाले तर ट्वायलाइटचे तीन भाग करतात, सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असला तर सिव्हिल, १२ पर्यंत नॉटिकल, १८ पर्यंत ॲस्ट्रॉनॉमिकल, त्यानंतर खरी रात्र. हे मुलांना सांगितलं तर दहावीची पोरं लगेच अंगणात जाऊन बघायला लागली की वाचता कधीपर्यंत येतं आणि चांदण्या कधी भरून येतात.

पण ह्याच भागात दोन रत्नं सापडली. एक, आऊल्स लाइट, म्हणजे घुबडाचा उजेड, घुबड बाहेर पडतं त्या वेळेचा. दुसरं ४२१ मध्ये, ब्लाइंड मॅन्स हॉलिडे, म्हणजे काम करायला दिसत नाही आणि दिवा अजून लावलेला नाही अशी मधली वेळ. आमच्याकडे अजून तिन्हीसांजेला सुईदोरा घेऊ देत नाहीत, केर काढू देत नाहीत, त्यामुळे तिकडच्या लोकांनी पण त्या वेळेला सुट्टी म्हटलं हे वर्गात सांगताना मला खूप आनंद झाला. हा शब्दप्रयोग आता जुना झालाय, परीक्षेत लिहू नका असं मी स्पष्ट सांगते, पण माहीत असायलाच पाहिजे.

ग्लूम हा शब्द मूळचा चेहऱ्याचा, कपाळाला आठ्या घालून बघणं, अंधार हा अर्थ नंतर आला. म्हणून ग्लूमी खोली म्हटलं की उजेड कमी आहे हे पण कळतं आणि तिथं बसून मन खाली जातं हे पण. सॉम्बर, म्हणजे काळपट-उदास, हा लॅटिनमधल्या अम्ब्रा म्हणजे सावली ह्या शब्दाच्या घरातला, आणि अम्ब्रेला पण त्याच घरातली, मूळ अर्थ छोटी सावली. पेनंब्रा, म्हणजे गडद सावलीभोवतीची अर्धवट सावली, शिकवायला तर ग्रहणासारखं दुसरं काही नाही. २६ डिसेंबर २०१९ ला कासरगोडकडे कंकणाकृती दिसलं आणि आपल्याकडे खंडग्रास, म्हणजे आपला बेळगाव जिल्हा त्या दिवशी पेनंब्रात होता. त्या वर्षीच्या पोरांना हा शब्द कधी विसरायचा नाही.

आणि मग मिट्ट काळोख. पिच डार्क मधला पिच म्हणजे डांबरासारखा काळा चिकट पदार्थ, क्रिकेटचं पिच नव्हे. स्टिजियन म्हणजे ग्रीकांच्या पाताळातल्या स्टिक्स नदीचा, सिमेरियन म्हणजे होमरने सांगितलेल्या, कायम धुक्यात राहणाऱ्या लोकांच्या मुलखाचा, इजिप्शियन म्हणजे बायबलमध्ये इजिप्तवर तीन दिवस पडलेला, हाताला लागेल इतका दाट. हे तिन्ही शब्द रोजेटमध्ये एका ओळीत आहेत आणि तिन्हींच्या मागे एकेक मुलूख आहे. कणकुंबीच्या बाजूला आषाढात लाईट गेल्यावरचा काळोख ज्याने बघितलाय त्याला हाताला लागणारा अंधार समजावून सांगावा लागत नाही.

आता सावध करते. जुनी आवृत्ती आहे हे कधी विसरू नका. लुरिड हा शब्द ४२१ मध्ये अंधाराच्या ओळीत बसवलाय, आज त्याचा अर्थ भडक, डोळ्यांत खुपणारा, सनसनाटी असा झालाय, बरोब्बर उलटा म्हणा. डस्की माणसाच्या रंगाला लावला तर आज अपमान वाटतो, मुलांना तो वापरू देऊ नका. बिनाइटेड म्हणजे मुळात वाटेत रात्र झालेला, आता अडाणी, मागासलेला अशा अर्थाने तुच्छतेने वापरतात. शेडी झाड चांगलं, शेडी माणूस संशयास्पद. ह्यातलं काहीच पुस्तक सांगत नाही. आणि रोजच्या कामाचा ब्लॅकआउट त्यात नाही, कारण तो शब्द त्यानंतर रूढ झाला, दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये विमानांना दिसू नये म्हणून घराघरातला उजेड झाकला तेव्हा तर सगळ्यांच्या तोंडी बसला. लाईट पूर्ण गेली तर ब्लॅकआउट, व्होल्टेज पडून बल्ब लालसर झाला तर ब्राउनआउट, आपल्या पोरांना दोन्ही रोजचे, पण त्यासाठी नवी आवृत्ती बघावी लागेल, तिथं नंबर बदललेत हे लक्षात ठेवा.

माझ्या रीप्रिंटची छपाई वाईट आहे, अक्षर बारीक, शाई कुठे दाट कुठे फिकी, चष्मा असून त्रास होतो. जुनी आवृत्ती कॉपीराइटमधून सुटल्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचता येते, तर आधी तिथं ४२० ते ४२४ वाचून बघा आणि मग ठरवा. शाळेच्या लायब्ररीसाठी मी घ्याच म्हणेन, एकट्या विद्यार्थ्यासाठी नको, त्याने आधी चांगली डिक्शनरी घ्यावी. आणि दुकानात पुस्तक हातात घेतलंत तर पहिलं शेवटची पानं उघडा, तिथं एबीसीडीच्या क्रमाने इंडेक्स पाहिजे. पुस्तक विषयवार लावलेलं आहे, त्यामुळे मर्की कुठल्या नंबरला आहे हे फक्त इंडेक्सच सांगतो, तो काढून टाकलेली स्वस्त कॉपी असली तर पैसे देऊ नका.