इनव्हिड-वीव्हेरिफाय : द्वेषाचा व्हिडिओ तपासायला कितपत कामाचं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा जो व्हिडिओ त्या वर्षी देशभर पसरला, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं केलेली जनजागृतीची फिल्म होती. त्यात पुढे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढा भाग कापून टाकला होता.

असा कापलेला तुकडा हाती आला की मूळ शोधण्यासाठी आधी उघडावं ते इनव्हिड-वीव्हेरिफाय हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन. एएफपी वृत्तसंस्थेच्या मीडियालॅबनं आणि युरोपीय संघाच्या निधीवर चाललेल्या प्रकल्पांनी ते घडवलं. २०१७ पासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे. जिल्हा दैनिक असो की दोघांनी चालवलेलं यूट्यूब चॅनल, बातमीचं काम होतं त्या संगणकावर हे असायलाच हवं.

संगणकावरच्या क्रोममध्ये ते बसवा. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ उतरवून घ्या आणि एक्स्टेन्शनच्या ‘कीफ्रेम्स’ भागात फाइल चढवा. व्हिडिओतली दृश्यं वेगळी करून ते स्थिरचित्रं काढून देतं. त्यांतली तीन-चार निवडा : दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, गणवेश, इमारतीचा दर्शनी भाग दिसेल अशी. नुसत्या गर्दीची फ्रेम घेऊ नका, तिच्यासारखी हजार चित्रं निघतात. चित्रावर राइट क्लिक करून गुगल, यांडेक्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या तिन्ही ठिकाणी शोधा, कारण तिघांचे निकाल वेगळे येतात. टिनआयमध्ये सर्वात जुनं आधी असा क्रम लावता येतो. यांडेक्स इमारती आणि चेहरे चांगले जुळवतो. गुगल सारखं दिसणारंही दाखवतो, म्हणून पाटी, खांब, खिडक्या एकेक करून जुळवून पाहिल्याशिवाय ‘हाच तो’ असं लिहू नका.

आता फसतं कुठे. व्हिडिओ आरशासारखा उलटा केला असेल तर शोध रिकामा येऊ शकतो. फ्रेम आडवी पलटून पुन्हा शोधा. काहीच सापडलं नाही, याचा अर्थ व्हिडिओ ताजा किंवा खरा आहे असा होत नाही. मेटाडेटावर, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या तारीख, जागा, कॅमेरा अशा माहितीवर फार विसंबू नका, कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो काढून टाकतं. छेडछाड शोधणाऱ्या ‘फोरेन्सिक’ भागातले रंगीबेरंगी फिल्टर तर दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोवर वापरूच नयेत : पुन्हा पुन्हा दाबल्या गेलेल्या (कॉम्प्रेस झालेल्या) चित्रात अक्षरांच्या कडाही छेडछाडीसारख्या चमकतात. यूट्यूबवर व्हिडिओ चढवल्याची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत मिळते. त्यात साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत चढवलेल्या व्हिडिओची तारीखच चुकते.

सर्वात मोठी मर्यादा मात्र तंत्राची नाही. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या झाली. व्हिडिओ खरा होता, जागा खरी होती. खोटा होता तो त्यासोबत फिरलेला मुस्लिमांवरचा आरोप. अटक झालेल्या १०१ जणांच्या यादीत एकही मुस्लीम नाही, हे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना यादी जाहीर करून सांगावं लागलं. इथे कीफ्रेम्स काय करणार? द्वेष बहुतेक वेळा चित्रात नसतो, चित्राखालच्या ओळीत असतो. तिथे पोलीस ठाणं, सरपंच आणि ज्यांच्यावर आरोप आहे ती माणसं, अशा तिघांना फोन करावाच लागतो. झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्येच दिले आहेत. त्याचा नंबर बातमीदाराकडे असायला हवा.

आणि मग लिहिणं. ‘मुलं पळवणारी टोळी आली?’ असा मथळा म्हणजे प्रश्नचिन्ह लावलेली अफवाच. ‘तो व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीचा’ असं थेट लिहा. खोटं चित्र छापायचंच असेल तर त्यावर आडवा, मोठा ‘खोटं’ शिक्का मारा. कोपऱ्यातला शिक्का कापून तेच चित्र पुन्हा फिरवलं जातं. अफवा खोटी ठरली एवढ्यावर थांबलात तर अनोळखी भिक्षेकऱ्याबद्दलचा संशय तसाच राहतो. ही माणसं कोण, कुठून येतात, त्यांची पालं कुठे पडतात, गावात त्यांना कोण ओळखतं, हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. त्यासाठी पालावर जाऊन बसावं लागतं, आणि बातमीतली सर्वात मोलाची जागा त्यालाच द्यावी.

दोन खऱ्या उणिवा उरतात. मराठीतून हे वापरता येत नाही. आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही, म्हणजे ज्या तालुका वार्ताहराच्या हाती अफवा सर्वात आधी पडते त्याच्याकडेच ते नसतं. त्यानं पाटी दिसेल अशा क्षणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढावा, गुगल लेन्सवर टाकावा, आणि मूळ फाइल डेस्कवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नव्हे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ती आणखी दाबली जात नाही.