आकडे वाचायचे की फॉर्म घडवायचे?

सार्वजनिक आरोग्यसेवेत विश्लेषक व्हावं की इन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या नोंदी घेणारे फॉर्म आणि सिस्टिम घडवण्याच्या कामात जावं, असं मला अधूनमधून विचारतात. चार वर्षं मी आठवड्याचे साथीचे अहवाल काढले, आर आणि एसक्यूएल या डेटा हाताळायच्या संगणकी भाषा घेऊन. मग नोंदी घेणाऱ्या सिस्टिमच्या बाजूला आलो. एकट्याचा अनुभव आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

विश्लेषणात झिंग आहे, हे आधीच कबूल करतो. आलेखातली रेघ वर वळते आणि ती तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसते. इन्फर्मेटिक्समध्ये तसं काही घडत नाही. आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीच्या जुन्या आवृत्तीतले, म्हणजे आयसीडी-१० चे कोड नव्या आयसीडी-११ मध्ये कसे न्यायचे, यावर बैठकांमागून बैठका होतात. काम चोख झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही.

मला विश्लेषणातून उठवलं ते एका रकान्याने. फॉर्मवर नुसतं ‘वय’ लिहिलेलं. सहा महिन्यांच्या बाळापुढे कुणी ६ टाकायचं, कुणी ०.५, कुणी शून्य. मग गोवराच्या आलेखात शाळकरी मुलांचा खांब उगाच फुगायचा. दर सोमवारी जन्मतारखा ताडून मी ती बाळं पुन्हा बाळं करायचो; तारीख नसली की लसीच्या नोंदीवरून अंदाज. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. फॉर्म बदला म्हणून तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘ते तुमच्याकडे येत नाही.’ इकडे आल्यावर वयाशेजारी दिवस, महिने की वर्षं हे निवडणं सक्तीचं केलं. अर्ध्या दिवसाचं काम!

२०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले, ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमुळे. तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत. रुग्णांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. जी ओळ हाती आलीच नाही, तिच्यावर विश्लेषक कुठलं मॉडेल लावणार?

संख्याशास्त्रात जीव रमत असेल तर विश्लेषणच घ्या, पस्तावणार नाही बहुधा. फक्त मुलाखतीत एवढं विचारा, की फॉर्ममधला एक रकाना बदलायला कुणाची परवानगी लागते. समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर मी तरी इन्फर्मेटिक्सचाच अर्ज भरेन.